मुलांना आजाराचं नाव सांग

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मनातून जात नाही. ‘मुलांसमोर आम्ही सासऱ्यांच्या अल्झायमरचा, त्या विसरण्याच्या आजाराचा विषयच काढत नाही, उगाच घाबरतील.’ अगं, ती घाबरलेली आहेतच. आजोबा तेच पाचव्यांदा विचारतात, चष्मा नातवानं लपवला म्हणतात, हे त्यांना दिसतंय. कारण कुणी सांगत नाही म्हटल्यावर मूल ते स्वतःच शोधतं, आणि बहुतेकदा स्वतःलाच दोष देऊन मोकळं होतं.

माझ्या वडिलांना अल्झायमर झाला तेव्हा मीही गप्प राहिले. लेक 7 वर्षांची होती. कितीतरी महिन्यांनी एका रात्री दिवा मालवल्यावर तिनं विचारलं, ‘मी आबांशी खोटं बोलले होते, म्हणून ते मला विसरले का?’ इतके दिवस ते पोर हे मनात घेऊन झोपत होतं. मला ते आजही सलतं.

म्हणून आजाराचं नाव घे. नुसतं ‘आजोबा म्हातारे झालेत’ म्हणालीस, तर उद्या आजीही विसरणार का, अशी धास्ती सुरू होईल. ‘डोकं फिरलंय’ हे तर चुकूनही नको. हा मेंदूचा आजार आहे, सांग. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी 1906 मध्ये त्याची पहिल्यांदा माहिती दिली, म्हणून हे नाव. (तुझ्या मोठ्याला हे नक्की ऐकायला आवडेल.) जवळ बसल्यानं, मिठी मारल्यानं तो लागत नाही. कुणाच्या खोडीमुळे होत नाही. आणि तो पूर्ण बरा करणारं औषध अजून नाही. हे सांगताना जीभ अडखळेल, तरी सांग. इथे खोटी आशा दाखवलीस तर पुढचं काहीच त्यांना खरं वाटणार नाही.

धाकटी विचारेल, ‘लहानपणच्या गोष्टी आठवतात, मग आत्ताचं कसं विसरतात? मुद्दाम करतात का?’ नव्या आठवणी नोंदवून ठेवणारा मेंदूचा भाग या आजारात लवकर बिघडतो. तिला वहीचं उदाहरण दे. जुनी पानं लिहिलेली आहेत, पण पेनातली शाई संपत आलीय. पुढे जुनी पानंही पुसट होतील, हेही हळूहळू सांगावं लागेल.

सगळ्यात अवघड दिवस म्हणजे आजोबा नातवाला ओळखणार नाहीत तो. तो यायच्या आधी मुलांशी बोलून ठेव. आणि घरातल्या मोठ्यांना बजाव की ‘सांगा बरं, हा कोण?’ अशी परीक्षा कुणी घ्यायची नाही. त्यात आजोबा ओशाळतात आणि मूल दुखावतं. त्यापेक्षा मुलानंच जवळ जाऊन आपलं नाव सांगावं. त्याला त्याच्या बाबाच्या नावानं हाक मारली, तर खुशाल ओ द्यावी.

‘त्यांना आठवतच नाही, मग मी कशाला बसू?’ असं मोठा म्हणेल. त्याला अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांचं 2014 सालचं काम सांग. त्यांनी अल्झायमर झालेल्या माणसांना आनंदाची आणि दुःखाची चित्रफीत दाखवली. काय पाहिलं ते थोड्याच वेळात ती माणसं विसरली, पण आनंद किंवा उदासी मात्र मनात रेंगाळत राहिली. म्हणजे त्यानं आजोबांबरोबर म्हटलेलं गाणं वाया जात नाही.

तो मित्रांना घरी आणत नाही, असं लिहिलंयस. रागावू नकोस. मित्रांना काय सांगायचं ते त्याच्यासोबत ठरव, दोन वाक्यं पुरतात. आजोबांवर लक्ष ठेवायला मात्र त्याला एकटं बसवू नकोस, विशेषतः संध्याकाळी. अनेकांची अस्वस्थता त्याच वेळी वाढते.

एका बैठकीत सगळं सांगायचा हट्ट नको. ती चार दिवसांनी पुन्हा तेच विचारतील, पुन्हा सांग. बोलताना तुला रडू आलं तर येऊ दे.

धाकटीनं पहिला प्रश्न कोणता विचारला, ते मला कळव.

तुझी,
मावशी