दुचाकी सल्ला : कार्बोरेटर उघडण्याआधी

प्रश्न : यामाहा आरएक्स १०० सहा महिने घरात उभी होती. आता चोक ओढला तरच चालू राहते, चोक सोडला की बंद पडते. रेस दिली की मात्र चांगली पळते. कार्बोरेटर दोनदा उघडून पेट्रोलने धुतला. मेस्त्री नवा टाका म्हणतात. टाकावा का?
— एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : तूर्त नको. बिघाड कुठे आहे हे तुमच्या प्रश्नातच आलं आहे. रेसची मूठ जवळजवळ बंद असताना इंजिनला पेट्रोल मिळतं ते पायलट जेटमधून (जेट म्हणजे बारीक भोकाचा पितळी तुकडा). साधारण पाव ते पाऊण मुठीपर्यंत स्लाईडमधली (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या नळकांड्यातली) सुई काम करते आणि त्यापुढे मेन जेट. तुमची गाडी रेसवर पळते, म्हणजे सुई आणि मेन जेट ठीक. चोक पेट्रोल वाढवतो आणि गाडी त्यावरच जगते, म्हणजे स्लोला (मूठ सोडल्यावर) पेट्रोल कमी पडतंय किंवा कुठून तरी फाजील हवा आत येतेय.

पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. उभ्या गाडीच्या बाऊलमधलं (कार्बोरेटरच्या खालच्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं आणि मागे उरलेला डिंक नेमका तिथे बसतो. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे त्यात आणखी एक भर पडते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि बाऊलमध्ये पांढरी भुकटी धरते. नुसत्या पेट्रोलने धुऊन हे निघत नाही.

टाकीचा पेट्रोल कॉक बंद करून बाऊल काढा. मधे उभा असतो तो मेन जेट, त्याच्या शेजारी खोलवर बसलेला बारीक तो पायलट. पितळ मऊ असतं, म्हणून खाचेत बरोबर बसणाराच स्क्रू ड्रायव्हर वापरा. जेट आणि बॉडी कार्बोरेटर क्लीनरमध्ये अर्धा तास भिजू द्या. त्याआधी रबरी ओ-रिंगा काढून ठेवा, नाहीतर फुगतात. मग कॉम्प्रेसरची हवा मारा, जेटमधून आणि बॉडीतल्या प्रत्येक वाटेतूनही. जेट उजेडाकडे धरला की भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. तार घालू नका. भोक जरा जरी मोठं झालं तरी त्या जेटवरच्या मापाच्या आकड्याला अर्थ उरत नाही. फारच अडलं तर मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याचा तुकडा चालतो. आणि सोलापुरी टॉवेल अंगाला कितीही चांगला असला तरी कार्बोरेटर पुसायला नको, त्याचा एक धागा पुन्हा तीच कटकट उभी करतो.

जोडताना स्लाईडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे आणि खाच आतल्या पिनेवर. उलटी बसली तर स्लाईड पूर्ण खाली येत नाही आणि किक मारताच गाडी भन्नाट रेस होते.

आता सेटिंग. तुमच्या कार्बोरेटरला दोन स्क्रू आहेत : मोठा स्लाईड उचलतो, फिल्टरच्या बाजूचा बारीक हवेचा. हवेचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत न्या, आवळू नका, टोक चेपतं. तिथून दीड आटा (फेरा) बाहेर. गाडी चार-पाच किलोमीटर फिरवून गरम करा, मग पाव पाव आटा हलवत, दर वेळी थोडं थांबत, रेस सर्वांत जास्त कुठे होते ते शोधा आणि शेवटी मोठ्या स्क्रूने स्लो खाली आणा. हवेचा स्क्रू आत फिरवला की पेट्रोल वाढतं, बाहेर फिरवला की हवा. अर्ध्या आट्याच्या आतच गाडी खूश होत असेल तर पायलट अजून चोंदलेला आहे किंवा लहान नंबरचा बसलाय.

एवढं करूनही स्लो वर-खाली होत असेल, किंवा मूठ सोडल्यावर रेस लवकर उतरत नसेल, तर कार्बोरेटरला दोष देऊ नका. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधल्या जोडावर चहूबाजूंनी ग्रीस लावा. रेस स्थिर झाली तर हवा तिथूनच येत होती. पॅकिंग आणि ओ-रिंग बदला. नाही झाली तर मॅग्नेटकडचं क्रँकचं ऑइल सील बघा. क्लचकडचं सील गेलं तर निशाणी वेगळी : सायलेन्सरमधून ढीगभर पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी.

आरएक्स १०० ही गाडी १९९६ मध्ये बंद झाली. आज दुकानात मिळणारा ‘नवा’ कार्बोरेटर बहुधा नक्कल असतो, त्यामुळे जुनी मूळ बॉडी असेल तर ती सांभाळा.

प्रश्न : टू-स्ट्रोक टीव्हीएस एक्सएल सकाळी छान चालते. दुपारी चार-पाच किलोमीटरवर बंद पडते, दहा मिनिटांनी आपोआप चालू होते. कार्बोरेटर तीनदा साफ केला.
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : चौथ्यांदा करू नका. बंद पडताच टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्’ असा आवाज आला आणि गाडी लगेच चालू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक धुळीने बुजलंय. एवढंच.

आवाज आला नाही तर प्लग काढा. ओला आहे आणि ठिणगी नाही, तर कॉइल किंवा सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) तापल्यावर दगा देतोय. कोरडा आहे, तर पेट्रोल पोहोचत नाही. पाइप काढून बाटलीत धरा, पण झाकण बंद ठेवून. उघड्या झाकणावर घेतलेली चाचणी काहीच सांगत नाही. लिटरला ४० किलोमीटर धरले तर ताशी ४० च्या वेगाला मिनिटाला फक्त १७ मिलिलिटर पेट्रोल लागतं. अखंड धार पडत असेल तर पुरवठा भरपूर आहे. थेंब थेंब पडत असेल तर कॉकवरची जाळी साफ करा. पाइप सिलिंडरला टेकलेला नसावा, मे महिन्यातल्या आपल्याकडच्या उन्हात त्यात वाफ धरते. आणि बंद पडल्यावर किकच जड लागत असेल तर प्रकरण पिस्टनचं आहे, तशी चालवू नका.

प्रश्न : प्लग दर आठवड्याला काळा आणि ओला होतो.
— एक वाचक, बार्शी

उत्तर : आधी एअर फिल्टर आणि चोक. चोकचा प्लंजर वरच अडकत असेल तर पेट्रोल सतत जास्त जातं. मग बाऊलमधला तरंगणारा फ्लोट कानाशी हलवून बघा, आत पेट्रोल खळखळलं तर बदला. ऑइल पेट्रोलमध्ये मिसळायची गाडी असेल तर मापाने घाला. ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. आधी ऑइल, वरून पेट्रोल. उलट केलं तर ऑइल तळाशी कॉकवर बसतं.

प्रश्न : आवाजासाठी फिल्टरचा डबा काढला. तुळजापूर रोडला फुल मुठीवर पिस्टनने पकडलं (सिलिंडरमध्ये अडकला). हवेचा स्क्रू आत घेतला तर पुरेल?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : नाही. फुल मुठीला त्या स्क्रूचा जवळपास काहीच उपयोग नाही. तिथे मेन जेट लागतो. डबा काढल्याने हवा वाढली, इथेनॉलमुळे मिश्रण आणखी हलकं झालं, इंजिन तापलं. डबा परत बसवा. बसवायचा नसेलच तर मेन जेट आधी मोठा टाका आणि एकेक नंबर खाली या. फुल मुठीवर गाडी भडभडत असेल तर जेट मोठा आहे. मोकळी धावली आणि प्लग तपकिरी निघाला की थांबा. पांढरा निघाला तर पुन्हा एक नंबर वर. सुईची क्लिप एक खाच खाली घेतली की सुई वर येते, मधल्या मुठीला पेट्रोल वाढतं.

पिस्टन नवा बसवण्याआधी, इंजिनला ऑइल देणारा पंप गाडीला असेल तर त्याची केबल तपासा. ती मुठीबरोबर पंप उघडते. तुटली किंवा सैल असली तर जेट कितीही बदला, गाडी पुन्हा पकडणार.