वाचकांचे प्रश्न : श्रीलंकेत सर्फिंग शिकायला जाताना

प्रश्न : मे महिन्यात मुलांना सुट्टी असते, तेव्हा श्रीलंकेत वेलिगमला जाऊन सर्फिंग शिकायचा विचार आहे. हॉटेल आत्ताच बुक करावं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : मेमध्येच जायचं असेल तर वेलिगमचं बुकिंग करू नका. श्रीलंकेत सर्फिंगचा किनारा मोसमी वारे ठरवतात. नोव्हेंबर ते एप्रिल ईशान्येचा वारा दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे वेलिगमलाही, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तो लाटेला समोरून थोपवतो, त्यामुळे लाट गुळगुळीत राहते आणि सावकाश फुटते. मेपासून नैऋत्य मोसमी वारा समुद्राकडून येतो, लाटा विस्कटतात, पाणी गढूळतं. वेलिगमचा उपसागर थोडा आडोशाला असल्यामुळे वर्ग अगदी बंद पडत नाहीत, पण पहिल्यांदा शिकणाऱ्याने इतका खर्च करून ते पाणी पाहू नये.

मे ते सप्टेंबर हा हंगाम पूर्व किनाऱ्यावरच्या आरुगम बेचा. मात्र तिथला मुख्य पॉइंट, म्हणजे लाट फुटण्याची जागा, नवख्यांसाठी नाही, कारण तळाशी खडक आणि प्रवाळ आहेत, शिवाय गर्दीही जाणत्यांची असते. शिकणाऱ्यांनी तिथल्या बेबी पॉइंटवर किंवा जवळच्या व्हिस्की पॉइंटवर जावं.

सवड काढता आली तर जानेवारी ते मार्च हा काळ धरा आणि वेलिगमच निवडा. सिंहलीत ‘वेलिगम’ म्हणजे वाळूचं गाव, आणि नवख्याला त्या वाळूचाच उपयोग होतो. पडलात तरी खाली प्रवाळ नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस होतो, म्हणून दिवाळीची सुट्टी तितकी भरवशाची नाही. १३-१४ एप्रिलला सिंहली-तमिळ नववर्ष असतं. त्या दिवसांत बरीच दुकानं बंद असतात आणि गाड्यांना गर्दी असते.

प्रश्न : वय ४२. रोज १२ सूर्यनमस्कार घालतो, पोहता येतं. निघायला सहा आठवडे आहेत. घरी काय तयारी करावी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी पोहणं तपासा. न थांबता २०० मीटर पोहता आलं पाहिजे. येत नसेल तर सहा आठवडे फक्त तेवढंच करा.

सर्फिंगमध्ये उभं राहण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ पालथं पडून हातांनी पाणी मारण्यात जातो. दुसऱ्या दिवशी माणूस थकतो तो खांदे, मान आणि कंबरेने. म्हणून आठवड्यातून तीनदा पालथं झोपा, छाती उचलून धरा आणि हात पाणी मारल्यासारखे चालवा : एक मिनिट, मग अर्धा मिनिट विश्रांती, असं पाच वेळा. भुजंगासन सवयीचं असल्याने पाठ तयार असेल, पण खांद्यांचा दम निराळा. तो पोहूनच येतो.

आता उठण्याची क्रिया. फरशीवर खडूने अडीच मीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर रुंद चौकट आखा. तोच तुमचा बोर्ड. पालथे पडा, तळवे खालच्या बरगड्यांशेजारी टेका. खांद्याखाली नको, तिथून रेटलं की वजन पुढे जातं आणि पाण्यात बोर्डचं टोक बुडतं. एका दमात रेटा, पुढचा पाय दोन्ही हातांच्या मध्ये आणा, मागचा आडवा टेका, गुडघे वाकलेले, नजर समोर. दहाचे तीन फेरे, एक दिवसाआड. सूर्यनमस्काराची सवय इथे थोडी आड येते. त्यात एकेक पाय सावकाश पुढे येतो, इथे दोन्ही पाय जवळजवळ एकदम आले पाहिजेत. आणि आधी गुडघा टेकून मग उभं राहण्याची सवय घरीच मोडा, पाण्यात ती सुटत नाही.

पुढे कुठला पाय? मोजे घालून गुळगुळीत फरशीवर घसरून पाहा. जो आपोआप पुढे जाईल तो.

प्रश्न : बोर्ड विकत घ्यावा का? बॅगेत काय असावं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : बोर्ड मुळीच घेऊ नका. किनाऱ्यावर भाड्याने मिळतो. आठ ते नऊ फुटांचा फोमचा मागा. वजन ७५ किलोच्या वर असेल तर नऊच. दुकानदार उत्साहाने सात फुटी देऊ लागला तरी नको म्हणा. छोटा बोर्ड लाट पकडत नाही आणि दिवस वाया जातो. घेताना फिन, म्हणजे बोर्डखालचा पंख, हलवून पाहा, घोट्याला बांधायच्या दोरीचा वेल्क्रो घट्ट बसतो का पाहा. दोरी साधारण बोर्डएवढी लांब हवी. आखूड असेल तर बोर्ड उसळून अंगावर येतो.

पैसे खर्च करायचेच तर अंगाला घट्ट बसणाऱ्या पूर्ण बाह्यांच्या रॅशगार्डवर करा. पाणी २७ ते २९ अंश असतं, वेटसूट लागत नाही, पण फोमवर घासून छाती-पोट सोलवटतं. गुडघ्यांपर्यंत येणारी घट्ट पँट हवीच. सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ ५०. दर दोन तासांनी पुन्हा लावा. कान आणि पायांच्या वरच्या बाजू लोक हमखास विसरतात. पालथं पडल्यावर गुडघ्यामागची कातडी सर्वात आधी भाजते.

तीन चौकोनी पिनांचा प्लग अडॅप्टर घ्या. यूपीआय २०२४ पासून श्रीलंकेत सुरू झालं आहे, तरी टुकटुक आणि छोट्या टपऱ्यांसाठी श्रीलंकन रुपये रोख ठेवा. ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवेश-परवाना, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावरूनच काढा. विमा पॉलिसीत सर्फिंग वगळलेलं नाही ना, हे वाचून घ्या.

प्रश्न : चष्म्याचा नंबर उणे चार आहे. लेन्स घालून चालेल? – एक वाचक, पुणे

उत्तर : नेत्रतज्ज्ञ लेन्स घालून पाण्यात उतरू नका असंच सांगतात, आणि ते बरोबर आहे. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकले की बुबुळाला गंभीर संसर्ग होऊ शकतो. शिकताना प्रशिक्षक बोर्ड धरून लाट सांगतो, त्यामुळे पहिले दिवस लेन्सशिवाय निभतात. मात्र अंधूक दिसत असल्याचं त्याला आधीच सांगा आणि गर्दीपासून लांब थांबा. तरीही लेन्स घालायचाच निर्णय घेतलात, तर एकदाच वापरायच्या घ्या आणि बाहेर येताच फेकून द्या.

प्रश्न : पाण्यात सर्वात मोठा धोका कशाचा? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : वेलिगमला, दुसऱ्याच्या बोर्डचा आणि स्वतःच्याही. लाट आणि आपण यांच्यामध्ये बोर्ड कधीही आडवा धरू नका, तो थेट अंगावर येतो. पडताना सपाट पडा, वर येताना हात डोक्यावर. फुटत्या लाटेच्या सर्वात जवळ जो असतो लाट त्याची, तुम्ही मागे व्हा. समोरून लाट आली म्हणून बोर्ड फेकून बुडी मारू नका, मागे कोणीतरी असतं.

ओढ लागून आत जाऊ लागलात, तर बोर्ड सोडू नका, तोच तरंगता आधार. किनाऱ्याकडे सरळ पोहत बसलं की दम संपतो. किनाऱ्याला समांतर हात मारा, ओढ सुटली की वळा.

मुंबईच्या समुद्रात भरती-ओहोटीचा फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो, वेलिगमला मीटरभरही नसतो. शिकणाऱ्याने भरतीचं वेळापत्रक पाहण्यापेक्षा सकाळी साडेसहाला पाण्यात उतरावं. वारा निजलेला असतो आणि गर्दीही कमी.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत. खाण्याचं आणि औषधांचं काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : भात, परिप्पू म्हणजे मसूर डाळीची आमटी आणि फणसाची भाजी सगळीकडे मिळते. फसायला होतं ते पोल सांबोलवर. ओल्या खोबऱ्याची चटणी दिसते, पण तिच्यात बहुधा उम्बलकड म्हणजे वाळवलेल्या माशाचा चुरा असतो, आणि तो काही भाज्यांतही पडतो. ‘मस, माळू एपा’, म्हणजे मांस-मासे नकोत, हे म्हणाच, वर उम्बलकडही नको म्हणून सांगा.

औषधांत ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉल, पोव्हिडोन आयोडीन आणि डास पळवणारं मलम घ्या. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने श्रीलंका मलेरियामुक्त जाहीर केली, पण डेंग्यू आहे आणि त्याचा डास दिवसा चावतो. ताप आला तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेऊ नका, डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल घ्या आणि रक्त तपासून घ्या. वेलिगमजवळच्या मिरिस्सा किंवा मिदिगमच्या प्रवाळावर खरचटलं, तर जखम कितीही छोटी असली तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने घासून धुवा. प्रवाळाचे कण आत राहिले की दमट हवेत ती चिघळते. मग आयोडीन लावा आणि सुकेपर्यंत समुद्रात उतरू नका.