ओळखींच्या जोरावर एजंटचा निर्माता होता येतं का?

तुम्ही विचारलंय की टॅलेंट एजन्सीत (कलाकारांना कामं मिळवून देणाऱ्या संस्थेत) पाच वर्षं काम केल्यावर, कलाकारांशी असलेल्या ओळखींच्या बळावर चित्रपटनिर्माता होता येईल का, आणि सुरुवातीला किती पैसा लागेल. पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: नाही. ओळखींवर मुहूर्त होतो, चित्रपट होत नाही. "अमक्याच्या डेट्स आपल्याकडे आहेत" असं सांगत फिरणारे अंधेरीत पैशाला पासरी मिळतात. कथेचे हक्क कुणाकडे आहेत असं विचारलं की त्यांना एकदम दुसरा फोन येतो. या मुद्द्यावर मी धंद्यातल्या लोकांशी बरीच वर्षं भांडतोय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

चार्ल्स फेल्डमनचं करिअर नीट वाचा. शिक्षणाने वकील. १९३० च्या दशकात तो हॉलिवूडमध्ये एजंट झाला, पुढे त्याच्या एजन्सीचं नाव फेमस आर्टिस्ट्स. जॉन वेन, हॉवर्ड हॉक्स अशी मंडळी त्याच्याकडे होती. बाकीचे एजंट स्टुडिओशी घासाघीस करून कलाकाराचं मानधन वाढवायचे आणि आपले १० टक्के घेऊन मोकळे व्हायचे. फेल्डमनने एक पाऊल मागे जाऊन नाटकं-कादंबऱ्यांचे हक्क धरायला सुरुवात केली. त्यावर दिग्दर्शक, लेखक, नट बसवायचे आणि तयार पॅकेज स्टुडिओसमोर ठेवायचं. नट शंभर ठिकाणांहून मिळतो, पण हक्क एकाच माणसाकडे असतात. त्याच्याशी बोलावंच लागतं. 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१) वॉर्नर या स्टुडिओने प्रदर्शित केला, निर्माता फेल्डमन. १२ ऑस्कर नामांकनं, ४ पुरस्कार. १९५८ मध्ये तोच चित्रपट पुन्हा थिएटरात आला तेव्हा वितरक वॉर्नर नव्हता, फॉक्स होता. हक्क स्वतःकडे ठेवायचे ते यासाठी.

आता आपल्याकडचं. कथा आवडली की आधी ऑप्शन करार. पूर्ण किमतीच्या साधारण १० टक्के रक्कम देऊन १२ ते १८ महिने कथा राखून ठेवायची, मुदतवाढीची किंमतही तेव्हाच लिहून घ्यायची, आणि उरलेली रक्कम शूटिंग सुरू व्हायच्या आत द्यायची. करार लेखी आणि लेखकाच्या सहीचा हवा. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या "डन सर" वर विसंबू नका. कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम १९ छापून टेबलावर ठेवा. करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क ५ वर्षांपुरतेच मिळतात. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. आणि मिळालेला हक्क एका वर्षात वापरला नाही, करारातही तसं काही वेगळं ठरलेलं नसेल, तर तो संपतो. माणसं अडकतात ती या तिसऱ्या अटीत. स्टार आणि पैसा जुळवायला दीड-दोन वर्षं सहज जातात, तोवर कथा गुपचूप लेखकाकडे परत गेलेली असते. कळतं कधी, तर ओटीटीचा वकील कागदांची साखळी मागतो तेव्हा.

ही साखळी म्हणजे मूळ लेखकापासून तुमच्या कंपनीपर्यंतचा प्रत्येक कागद. कादंबरी असेल तर प्रकाशकाला कुठले हक्क दिलेत ते बघा. नाटक असेल तर नाट्यनिर्मात्याचा करार मागा. आधी कुणी ऑप्शन घेऊन सोडला असेल तर त्याचं ना-हरकत पत्र घ्या. शीर्षकाची नोंदणी, मग ती हिंदीसाठी इम्पात (निर्मात्यांच्या संघटनेत) असो की मराठीसाठी चित्रपट महामंडळात, कथेवर काडीचाही हक्क देत नाही. हे दोन्ही एकच समजणारे अनुभवी लोकही मी पाहिलेत.

कलाकाराच्या होकाराचं पत्र घेताना पटकथेचा कितवा मसुदा, दिग्दर्शक कोण, कुठल्या तारखा, आणि पत्र कधीपर्यंत ग्राह्य, एवढं तरी असू दे. नाहीतर त्या कागदाची किंमत शून्य. शेवटचा हप्ता मिळाल्याशिवाय कलाकाराला डबिंगला न पाठवण्याची युक्ती तुम्हाला ठाऊक असणारच. आता ती तुमच्यावर वापरली जाईल, म्हणून तो हप्ता पहिल्या दिवसापासून बाजूला काढून ठेवा.

एजंटचा खरा दोष मात्र कागदात नसतो, सवयीत असतो. आयुष्यभर कलाकाराला खूश ठेवलेलं, मग "नाही" म्हणायची वेळ आली की जीभ रेटत नाही. पुन्हा फेल्डमनच बघा. 'कसीनो रॉयाल' या जेम्स बाँडच्या कादंबरीचे हक्क त्याच्याकडे होते. बाँडपटांचे निर्माते ब्रॉकली आणि साल्ट्झमन यांच्याशी जमेना (हे ब्रॉकलीही कधीकाळी फेल्डमनच्याच एजन्सीत एजंट होते!), म्हणून त्याने विडंबनपट काढला. पटकथा पक्की नाही, पण नावांची जत्रा. त्यातले नट पीटर सेलर्स आणि ऑर्सन वेल्स यांचं इतकं बिनसलं की पत्त्यांच्या टेबलावर समोरासमोर बसलेल्या दोघांचे शॉट वेगवेगळे घ्यावे लागले. मग सेलर्स काम अर्धवट टाकून गेला आणि ते भोक बुजवायला नवे प्रसंग लिहून शूट करावे लागले. श्रेयनामावलीत पाच दिग्दर्शक. तीन स्टुडिओ अडकले आणि खर्च ठरल्याच्या जवळपास दुप्पट झाला. १९६७ मध्ये चित्रपट चालला, हे खरं. पण चालला म्हणजे निर्मिती बरी झाली, असं मला कुणी सांगू नये.

एजंट आणि निर्माता या दोन्ही टोप्या एकाच वेळी घालू नका. 'द सेव्हन इयर इच' (१९५५) च्या वेळी फेल्डमन सहनिर्माता होता आणि मेरिलिन मन्रोचा एजंटही. मानधन कमी झालं तर निर्मात्याचा फायदा, वाढलं तर एजंटचा. थोड्याच काळात ती त्याला सोडून एमसीए या दुसऱ्या एजन्सीकडे गेली. एमसीएची तऱ्हाही तीच: १९५२ मध्ये अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने तिला एजन्सी आणि टीव्हीनिर्मिती एकत्र करायची खास मुभा दिली. संघटनेचे अध्यक्ष होते रोनाल्ड रेगन, तेही एमसीएचेच क्लायंट. १९६२ मध्ये अमेरिकी न्याय खात्याने खटला भरल्यावर एमसीएला एजन्सी बंद करावी लागली. आपल्याकडे असा मज्जाव करणारा वेगळा कायदा नाही, म्हणून निदान लेखी सांगा: या चित्रपटावर माझ्या कलाकाराकडून मी कमिशन घेणार नाही, आणि कराराला त्याचा वकील वेगळा असेल.

पैशाबद्दल: आकडा मागू नका, पटकथा न वाचता आकडा देणारा थापा मारतो. ऑप्शन, लेखकाचे हप्ते, वकील, आणि लाइन प्रोड्यूसरकडून (शूटिंगचा रोजचा खर्च सांभाळणाऱ्याकडून) पटकथेचं ब्रेकडाउन, म्हणजे प्रसंगवार गरजांची यादी, करून घेतलेलं बजेट, एवढं स्वतःच्या खिशातून करावं लागतं. बजेटमध्ये १० टक्के अडीअडचणीसाठी धरा आणि ते स्टारच्या व्हॅनिटी व्हॅनवर जाऊ देऊ नका.

एक राहिलंच. हे सगळं तुमच्या नोकरीच्या कराराला धक्का न लावता करता येतं का, ते आधी तपासा. बहुतेक एजन्सींच्या करारात, नोकरी सोडल्यावर तिथल्या कलाकारांशी अमुक महिने व्यवहार करायचा नाही, अशी अट असते. ती कोर्टात कितपत टिकेल हा वेगळा प्रश्न, पण नोटीस आली की फायनान्सर पळतो.