ब्रिटनची पहिली एस्कॉर्ट (व्यापारी ताफ्यांचं रक्षण करणारी छोटी) विमानवाहू नौका ‘ऑडॅसिटी’ किती काळ सेवेत होती?

जेमतेम सहा महिने, पण तिची कामगिरी थक्क करणारी आहे. मूळचं हे ‘हॅनोवर’ नावाचं जर्मन मालवाहू जहाज. मार्च १९४० मध्ये ब्रिटिशांनी ते कॅरिबियनमध्ये पकडलं आणि पुढे त्यावर धावपट्टी चढवली. हँगर नव्हतंच! मार्टलेट ही लढाऊ विमानं उघड्या डेकवर बांधलेली असायची. रात्री दुरुस्ती टॉर्चच्या उजेडात, खारा वारा अंगावर घेत. जिब्राल्टरला ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांच्या ताफ्यांवर घिरट्या घालणारी जर्मन कॉन्डोर विमानं याच मार्टलेटनी पाडली. माझ्या मते छोट्या विमानवाहू नौकांची गरज तिनेच सिद्ध केली. २१ डिसेंबर १९४१ च्या रात्री यू-७५१ पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी ती बुडाली. तेव्हा ती ज्या ताफ्याचं रक्षण करत होती, त्यातली फक्त दोन व्यापारी जहाजं गेली.