जुन्या घरचा हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संदेशवहनाचा) टॉवर नव्या घरी पुन्हा उभारणे सुरक्षित आहे का?
होय, रोन कंपनीच्या 25जी या टॉवरसारखा, ताणाच्या तारांवर उभा राहणारा पोकळ नळ्यांचा टॉवर पुन्हा उभारता येतो. मात्र काँक्रीटमध्ये गाडलेला तळभाग तिथेच सोडून नव्या जागी नवा तळभाग, नवे बोल्ट आणि नव्या तारा वापराव्यात. या टॉवरचे पाय, म्हणजे उभ्या नळ्या, बाहेरून जस्ताच्या मुलाम्यामुळे धडधाकट दिसले, तरी आत साठलेल्या पाण्याने गंजून पातळ झालेले असू शकतात, आणि हा गंज बहुधा सर्वांत खाली लपलेला असतो. म्हणून 10 फुटांचा प्रत्येक तुकडा आडवा ठेवून नळीतून आरपार टॉर्च मारून पाहावा व खालच्या टोकाशी हातोडीने ठोकावे. गंजाचे पोपडे गळले, नळी दबली किंवा सांध्याला तडा दिसला, तर वेल्डिंगच्या भानगडीत न पडता तो तुकडा सरळ भंगारात द्यावा. नव्या तळभागाच्या नळ्यांची तोंडे खाली खडीत उघडी ठेवावीत, म्हणजे पाणी निथळून जाते. नव्या जागी वारा अधिक असेल, तर मात्र जुना आराखडा जसाच्या तसा चालणार नाही, कारण वाऱ्याचा वेग दीडपट झाला की त्याचा दाब सव्वादोनपट होतो. अशा वेळी पाया आणि ताण यांचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्यावा.