वाचकांचे प्रश्न: सात खेळांतून दोनशे मीटरकडे

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची आहे. मानकापूरच्या मैदानावर धावणं, लांब उडी, हर्डल्स सगळंच करते. ओळखीचे म्हणतात, नेदरलँड्सच्या डाफने स्खिपर्ससारखं आता एकच पकडा, १०० मीटर. खरंच ही वेळ आहे का?
(एक पालक, सदर)

उत्तर: त्यांनी उदाहरण चांगलं दिलं, पण त्यातून निघतं नेमकं उलटं. उट्रेख्तची स्खिपर्स हेप्टॅथलॉनपटू म्हणून घडली, म्हणजे दोन दिवसांत सात प्रकार. पहिल्या दिवशी १०० मीटर हर्डल्स, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर. दुसऱ्या दिवशी लांब उडी, भालाफेक, ८०० मीटर. २०१० मध्ये ती यात ज्युनियर विश्वविजेती झाली आणि २०१३ मध्ये मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत ६४७७ गुणांनी कांस्यपदक मिळवलं. २०१४ मध्ये झ्युरिखला १०० आणि २०० मीटर दोन्हींत युरोपची विजेती ठरली. फक्त स्प्रिंटचा निर्णय तिने त्यानंतर घेतला, २०१५ मध्ये, वयाच्या तेविशीच्या उंबरठ्यावर. त्याच वर्षी बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत २०० मीटरचं सुवर्ण २१.६३ सेकंदांत आणि १०० मीटरचं रौप्य १०.८१ सेकंदांत.

हर्डल्समधून लय येते, उडीतून घोट्याची उसळी, गोळाफेकीतून मांड्या आणि कमरेची ताकद. चौदाव्या वर्षी हे सोडायचं कारणच नाही. आठवड्यात पूर्ण वेगाच्या धावांचे दोन दिवस ठेवा, त्यांच्यात किमान ४८ तासांचं अंतर. बाकी दिवस उड्या, फेक आणि खेळ. पुढे कधीतरी निवड करावीच लागेल, कारण ८०० मीटरचा दमसास आणि २०० मीटरचा स्फोटक वेग एकाच शरीराकडून कमाल पातळीवर मागता येत नाहीत. पण ती निवड तिची कामगिरी सांगेल, शेजारी नव्हे.

प्रश्न: बीजिंगच्या त्या २०० मीटरमध्ये वळण संपताना स्खिपर्स मागे होती, तरी जिंकली. मग वळणावर वेळ घालवण्यापेक्षा शेवटचे ८० मीटर पक्के करू का?
(कॉलेजचा धावपटू, त्रिमूर्तीनगर)

उत्तर: नका करू. तिने जमैकाच्या एलेन थॉम्पसनला मागे टाकलं ते ०.०३ सेकंदांनी, म्हणजे पाव मीटरपेक्षा थोड्या जास्त अंतराने. पुढच्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये तीच थॉम्पसन वळणावरून पुढे निघाली आणि स्खिपर्सला तिला गाठता आलं नाही: २१.७८ विरुद्ध २१.८८. शिवाय २०० मीटरमध्ये सर्वोच्च वेग साधारण ५०-६० मीटरवरच येतो, म्हणजे वळणावरच. पुढे सगळ्यांचाच वेग उतरतो. शेवटी जो जोरात येतोय असं वाटतं, तो खरं तर इतरांपेक्षा कमी मंदावत असतो. त्यात स्खिपर्स तरबेज होती, पण १.७९ मीटर उंचीमुळे सुरुवातीला तिला वेळ लागायचा.

आता हिशेब बघा. वळणभर आतल्या रेषेपासून ३० सेंटीमीटर जास्त बाहेरून धावलात, तर जवळपास ९४ सेंटीमीटर जादा अंतर पडतं. बीजिंगमधल्या फरकाच्या तिप्पट! म्हणून ब्लॉक (सुरुवातीला पाय टेकवायचा आधार) लेनच्या बाहेरच्या कडेला लावा आणि तिरपा करा, म्हणजे पहिली काही पावलं सरळ रेषेत आतल्या कडेकडे जातील. पुढच्या पायाचा ब्लॉक सुरुवातीच्या रेषेपासून अंदाजे दोन तळपायांच्या लांबीवर, मागच्याचा तीन. मग पायांच्या लांबीनुसार थोडं मागेपुढे. सर्रास होणारी चूक म्हणजे कमरेतून डावीकडे वाकणं. त्याने डावा पाय जमिनीवर जास्त रेंगाळतो. झुकायचं ते घोट्यापासून, सगळं शरीर एका रेषेत ठेवून. उजवा हात किंचित जास्त आत येऊ द्या.

मंगळवारी ब्लॉकवरून वळणावर ६० मीटर, ४ वेळा, मध्ये ६ मिनिटं विश्रांती. शुक्रवारी १५० मीटर ३ वेळा, मध्ये १२ ते १५ मिनिटं. ही विश्रांती कमी केलीत तर तो वेगाचा सराव राहतच नाही, नुसता दम काढणं होतं. एप्रिल-मे मध्ये नागपुरात सकाळी सातच्या आत आटपा.

प्रश्न: मातीवर आणि सिंथेटिकवर एकच स्पाइक्स चालतील?
(रेशीमबाग)

उत्तर: बूट तोच, खिळे बदला. सिंथेटिकवर ६ मिलिमीटर पुरतात, नियमाने कमाल ९. मऊ मातीत लांब खिळे घ्या. कडक वाळलेल्या मातीवर साधे धावण्याचे बूटच बरे.

प्रश्न: स्खिपर्स एवढ्या लवकर का थांबली?
(शाळेतील क्रीडाशिक्षक, महाल)

उत्तर: पाठीमुळे. २०१७ ला लंडनच्या जागतिक स्पर्धेत तिने २२.०५ सेकंदांत २०० मीटरचं विजेतेपद राखलं, १०० मीटरमध्ये कांस्य घेतलं. पुढे दुखापतींनी तिला सोडलं नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये ती उपांत्य फेरीपुढे गेली नाही आणि २०२३ मध्ये, ३१ व्या वर्षी, निवृत्त झाली.

तुमच्या मुलांमध्ये एकाच पायाचा हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) वारंवार आखडत असेल, तर नुसतं स्ट्रेचिंग करवत बसू नका. मूळ पाठीत असू शकतं. खोकताना कंबर दुखणं, मुंग्या किंवा वेदना गुडघ्याखाली उतरणं दिसलं की स्प्रिंट आणि जड वजनं त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा. निरोगी मुलांनाही वॉर्मअपमधल्या हळू धावा अधूनमधून ट्रॅकवर उलट दिशेने द्या, म्हणजे सगळा ताण एकाच बाजूला साचत नाही.