पहिला डिफरेन्शियल लॉक निवडताना

ऑफ-रोडिंगसाठी गाडी घेतल्याबरोबर पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आसांना) लॉकर बसवावेत, ही तुमची इच्छा मी समजू शकतो. लॉकर म्हणजेच डिफरेन्शियल लॉक: तो लावला की त्या अ‍ॅक्सलची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे एक चाक घसरले तरी दुसरे गाडी ओढते. परंतु आधी गाडीत काय आहे ते पाहा, कारण नव्या फोर्स गुरखा गाडीत पुढचे आणि मागचे दोन्ही लॉक कंपनीकडूनच येतात, तर महिंद्रा थारच्या काही प्रकारांत मागचा लॉक आपोआप लागतो.

काहीच नसेल, तर मागच्या अ‍ॅक्सलपासून सुरुवात करा: चढावर भार मागे सरकतो, आणि पुढचा लॉक लावला की स्टीअरिंग जड होते. महाग असला तरी बटणाने लागणारा लॉकरच मी सुचवेन. चाक चिखलात गरगरू लागल्यावर लॉक लावणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक. तो अडथळ्याआधीच लावावा आणि कोरड्या डांबरावर येण्यापूर्वी काढावा. टायर गुळगुळीत झाले असतील, तर आधी तेच बदला.